मी फक्त वाळा ओळखला

बरणीतला प्राणी मी बरोबर ओळखला होता. चंचुवाळा. मातीत राहणारा बिनविषारी साप, माणसाला चावूच न शकणारा. त्याबद्दल तेव्हाही कुणाला शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या बरणीत मला आणखी एक गोष्ट दिसली होती. ती मी तेव्हा बोललो नाही, नंतर चौकशीत बोललो नाही, घरी बायकोलाही सांगितली नाही. आता लिहितो.

आश्विनातली सकाळ. भातं कापणीला आली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पोरांच्या प्रॅक्टिकलची तयारी करत होतो, तेवढ्यात डॉक्टर मृणाल यांचा फोन आला.

"सर, येता का? स्नेक बाइट म्हणून पेशंट आणलीय. सापही आणलाय. मला तर गांडूळ वाटतंय."

"फोटो पाठवा."

"पाठवते. पण तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत तर बरं. खूप मोठं आहे हो."

फोटो आला आणि मी प्रॅक्टिकल पुढे ढकललं. पेशंटसाठी नाही. हे पहिलंच सांगून टाकतो. फोटोतला प्राणी मला हवा होता.

मी शहापूरजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माझा अभ्यास जमिनीखाली राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा. शहापूर, मुरबाडच्या आरोग्य केंद्रांत हळूहळू कळलं की कॉलेजातल्या सरांना साप ओळखता येतात. मग फोन येऊ लागले. साप चावलेल्याला जे औषध देतात, हॉस्पिटलात त्याला एएसव्ही म्हणतात, ते काही साधं इंजेक्शन नाही. घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि कुणाकुणाला त्याचीच जबरदस्त रिॲक्शन येते. म्हणून ते उगाच देत नाहीत. आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकीच्यांपैकी काही चावला असेल तर पेशंटला धीर देऊन, दिवसभर ठेवून घरी पाठवतात. त्यामुळे माझ्या एका शब्दाला वजन आलं होतं. ते वजन मला आवडायला लागलं होतं.

डॉक्टर मृणाल त्या केंद्रावर नव्या होत्या. केंद्र शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आतल्या अंगाला, नाव लिहीत नाही. मी पोचलो तेव्हा ओट्यावर एक बाई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तिची सासू. सासूच्या मांडीवर लोणच्याची रिकामी बरणी, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. पेशंटचं नाव सुनंदा. वय तिशीच्या आतबाहेर. ती पोटावर हात दाबून बसली होती आणि तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. हे मी आज लिहू शकतो, कारण नंतर मला ते आठवलं. तेव्हा मी बरणीच पाहिली.

"कुठे सापडला?" मी विचारलं.

"आंथरुनात," सासू म्हणाली. "ही भुईवर निजते. पहाटं उठली तं गोधडीवर ह्यो वळवळत व्हता. हातानं झटकला, तं टोचला हिला. बोटाला."

"मारलात का त्याला?"

"मारला नाय. झाडूनं बरनीत लोटला. मंग आपसुकच गप जाला."

मी टेबलावर पांढरा कागद पसरून बरणी उपडी केली. चंचुवाळाच होता. हातभर लांब, करंगळीएवढा जाड, वर तपकिरी, खाली फिकट.

वाळा आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेला असतो. पावसाळ्यात मोरीत निघतो तो काळसर, दोऱ्यासारखा साप. लोक त्याला कानात शिरणारा किडा समजतात आणि मीठ टाकतात. खरं तर तो अख्खा जन्म मातीत काढतो. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके, त्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं. अन्न मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, पिल्लं. वारुळात शिरून तो ती ओरपतो. मुंग्या त्याला चावतात, पण खवले इतके गुळगुळीत आणि घट्ट की दात लागत नाही. त्या साध्या वाळ्यात नर नसतोच. सगळ्या माद्या. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. कुंडीतल्या मातीतून एक जरी दुसरीकडे गेली, तरी तिथे वंश सुरू होतो. म्हणून तो जगभर पोचला.

चंचुवाळा त्याचा मोठा भाऊबंद. तो फक्त आपल्या देशात आहे. तोंडाचं टोक पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं. तेच त्याची कुदळ आणि फावडं. तोंड त्या चोचीच्या खाली इतकं आत आणि इतकं लहान, की माणसाची कातडी त्यात धरताच येत नाही. शेपूट बोथट आणि टोकाला बारीक काटा. हातात धरला की तो काटा टेकवून जोर लावतो. माणसाला वाटतं चावला. सुनंदाच्या बोटाला टोचलं ते हेच. तो अंडी कुठे घालतो, एका जागी किती काळ राहतो, यातलं फारसं काही कुणी नीट पाहिलेलं नाही. नांगराला, जेसीबीला कधी लागतो तेव्हा त्याचे तुकडेच मिळतात. मला अख्खा चंचुवाळा तोवर कधीच मिळाला नव्हता.

आणि आता टेबलावर होता.

मी खिशातलं भिंग काढलं आणि खवले मोजायला लागलो. आमच्या कामात साप नुसता रंगावरून ओळखत नाहीत. अंगाभोवती खवल्यांच्या ओळी किती, चोचीवरचं खवलं कसं, हे पाहावं लागतं. वाळ्याचे पोटावरचे खवलेही पाठीसारखेच बारीक असतात, त्यामुळे मोजताना सारखी ओळ चुकते. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ओळखायला एवढ्या मोजणीची गरज नव्हती. चोच पाहूनच नाव सांगता आलं असतं. मी मोजत होतो ते माझ्यासाठी.

सासू दारातून म्हणाली, "सर, त्या किड्याचा काय ता झाला असल तं पोरीकडं बगा जरा."

"आजी, याच्यानं काही होत नाही," मी मान वर न करता म्हणालो. "हा गांडुळाइतका गरीब."

"गरीब हाय तं मंग हिचा पोट का दुकतय?"

"भीतीनं."

हे बोलत असतानाच मला ते दिसलं. वाळ्याच्या अंगाच्या मध्यावर, पाठीवर, दोन बारीक टोचल्यासारख्या खुणा. डोक्यापासून तिथपर्यंतच्या भागावर काहीतरी चिकट वाळलेलं होतं, त्यामुळे तिथली चकाकी गेली होती. मागचा अर्धा भाग आरशासारखा आणि पुढचा मळकट.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो. मनात आलं: अरेरे, नमुना खराब झाला.

"घरात कोंबड्या आहेत?" मी विचारलं.

"हायेत की."

"मग कोंबडीनं टोचा मारलाय," मी डॉक्टरांना म्हणालो. त्यांनी मान हलवली. कोंबडी पहाटे गोधडीवर येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टर मृणाल मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, पोटदुखी पहाटेपासून आहे. अशी सुरुवात मण्यारीत होते ना? मण्यारीचा दंश दिसतही नाही म्हणतात. मी हिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ का?"

त्यांना बरोबर वाटत होतं. पुस्तकात जे आहे तेच त्या बोलत होत्या. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते. बहुतेकदा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात.

मी हसलो. "मण्यार पाहिली का कुणी? नाही ना? जो होता तो टेबलावर आहे. डॉक्टर, वाळ्यासाठी कॉट अडवलीत तर उद्या गांडूळ घेऊन येतील लोक. पाठवा घरी."

सिस्टर हसल्या. डॉक्टरही थोड्या हसल्या, पण उशिरा. पोटदुखीच्या गोळ्या दिल्या आणि "त्रास वाढला तर लगेच या" असं दोनदा बजावलं.

"हा मला द्याल?" मी बरणीकडे बोट करून सासूला विचारलं.

"न्या की. आमाला काय त्याचा कालवन करायचाय?"

सुनंदा उठताना भिंतीला धरून उठली. काहीतरी बोलली, ते मला नीट कळलं नाही. जीभ जड झाल्यासारखं. झोप झाली नसेल, असं मी मनात म्हटलं आणि बरणी छातीशी धरून गाडीला किक मारली.

कॉलेजात आल्यावर पोरांना आकृत्या काढायला बसवलं आणि आतल्या खोलीत वाळा पाण्याखाली धरला. धुऊन स्वच्छ करून मग स्पिरिटमध्ये ठेवायचा, ही पद्धत. पाणी लागताच तो चिकट थर सुटला आणि त्याच्या तारा निघाल्या.

लाळ होती ती. कोंबडीच्या टोच्यानं अशी लाळ लागत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोन टोचे खोल होते, शेजारी शेजारी, सुईने केल्यासारखे. डोक्याकडच्या भागावर बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने. याला कुणीतरी मध्यावर धरलं होतं, मग डोक्याकडून गिळायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर सोडलं होतं. सासू म्हणाली होती, मारला नाय, आपसुकच गप जाला. फटका न लागता गप झाला, म्हणजे विष भिनलं.

वाळा खाणारे साप फार नाहीत. मण्यार खाते. साप हेच तिचं आवडतं अन्न, आणि वाळवी लागलेल्या मातीच्या भिंतीत वाळे असतात म्हणून ती तिथे येते. हे मी दर वर्षी वर्गात सांगतो.

आता सगळं सरळ दिसत होतं. भिंतीत वाळवी. वाळवीमागे वाळा. वाळ्यामागे मण्यार. तिने त्याला गोधडीजवळ धरला आणि गिळायला लागली. तोंडातला घास मण्यार कधी टाकते? कुणी झोपेत तिच्या अंगावर कूस बदलली तर. आणि घास टाकल्यावर काय करते?

मी स्टुलावर बसलो. फोन हातात होता. डॉक्टरांचा नंबर समोर होता.

मी फोन केला नाही.

किती वेळ, ते सांगता येणार नाही. घड्याळ पाहिलं नाही, पण बाहेर पोरांच्या दोन आकृत्या पुऱ्या झाल्या होत्या. त्या वेळात मी दुसरा खुलासा शोधत होतो. दुसरा कुठला साप असेल. भिंतीतच धरला असेल, गोधडीवर नुसता येऊन पडला असेल. बाईला चावलंच असेल असं कशावरून? मी तिथे सगळ्यांसमोर विनोद केला होता. आता फोन करून काय म्हणायचं? असा विचार करत मी बसलो होतो.

मग फोन वाजला.

"सर," डॉक्टर मृणाल यांचा आवाज चढलेला होता, "ती परत आलीय. डोळे उघडत नाहीत. थुंकी गिळता येत नाहीये. सर, हे मण्यारच आहे."

"मी निघालोच," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

केंद्रावर आता गर्दी होती. सुनंदाचा नवरा भरत आसनगावच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट टाकून आला होता. त्याने मला दारातच अडवलं.

"तुमीच ना ते सापवाले सर? तुमी बोल्लात काय होनार नाय!"

"भरत, त्यांना आत जाऊ दे," डॉक्टर आतून ओरडल्या.

सुनंदा कॉटवर होती. एएसव्ही सलाइनमधून सुरू केलं होतं. त्यात एक अडचण असते. मण्यारीचं विष नसांच्या टोकांशी जाऊन बसलं की हे औषध ते सहजी सोडवू शकत नाही. रक्तात उरलेलं विष तेवढं अडवतं. म्हणून मण्यारीत ते वेळेत मिळालं तरच औषध. डॉक्टरांनी दंश शोधायचा म्हणून माझ्याकडे भिंग मागितलं. मी खिशातून काढून दिलं. खांद्याच्या मागे, पदराखाली, सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके सापडले. सकाळी हेच भिंग मी दुसरीकडे धरून बसलो होतो.

तिची छाती हलणं कमी कमी होत गेलं. ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी घशात नळी घातली. त्यांनी ती बहुधा पहिल्यांदाच एकटीने घातली असावी, कारण नळी नीट बसल्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले. नळीला ॲम्बू बॅग लावली. ॲम्बू बॅग म्हणजे रबरी फुगा. दाबला की हवा पेशंटच्या छातीत जाते, सोडला की बाहेर येते. व्हेंटिलेटरचं मशीन नसेल तिथे माणसाने हाताने दुसऱ्या माणसाचा श्वास चालवायचा. मशीन ठाण्याला होतं.

"ॲम्ब्युलन्समध्ये मी बसते. फुगा दाबायला कोण?" डॉक्टरांनी विचारलं. "सिस्टरला इथून हलवता येत नाही, डिलिव्हरी आहे."

"मी," मी म्हणालो.

"थांबायचं नाही, सर. तुमचा श्वास चालतो तसं दाबायचं. तुम्ही घेतला की तिला द्या."

भरत ड्रायव्हरशेजारी बसला. निघालो. शहापूरपर्यंत रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक दणक्याला मी एका हाताने नळी धरायचो आणि दुसऱ्याने फुगा. तळवे घामाने निसटत होते. सकाळपासून पहिल्यांदा मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि दुसरीकडे पाहण्याची सोय नव्हती. कपाळावर हिरवं गोंदण होतं. कानातल्या एका फुलाची फिरकी हरवली होती, तिथे तिने झाडूची काडी खोचली होती.

हायवेवर गाडी सुटली. पडघ्याच्या पुढे अडकली. गोडाऊनचे कंटेनर तिन्ही लेनमध्ये आडवेतिडवे. सायरन चालू होता, पण हलायला जागाच नव्हती.

"सर, ऑक्सिजन किती वेळ पुरेल माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. दार उघडून त्या खाली उतरल्या. मागोमाग भरतही. मला काचेतून दिसत होतं. डॉक्टर कंटेनरच्या दारावर हाताने मारत होत्या, "मागे घे! आत माणूस मरतंय, मागे घे!" भरत रस्त्यावर उभा राहून टेम्पोवाल्यांना शिव्या देत बाजूला काढत होता.

आत मी आणि सुनंदा. फुगा दाबत होतो, सोडत होतो. तिचे डोळे मिटलेले, हातपाय लाकडासारखे. मला वाटलं ही गेली. आणि मी बोलायला लागलो. का, ते माहीत नाही. मेलेल्या माणसापुढे बोलतात तसं.

"ताई, मला दिसलं होतं. वाळ्यावरचे दात मला सकाळीच दिसले होते. डॉक्टर तुम्हाला ठेवून घेत होत्या, मी नको म्हटलं. कॉलेजात गेल्यावर मला सगळं कळलं होतं. फोन हातात होता. मी केला नाही. मला लाज वाटली म्हणून केला नाही."

दाबत होतो, सोडत होतो. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. कंटेनर मागे सरकला. डॉक्टर आत चढल्या, त्यांच्या तळहाताला रक्त आलं होतं.

"पल्स आहे," त्या तिचं मनगट धरून म्हणाल्या. "दाबत राहा."

ठाण्याला पोचलो. मशीनला लावलं. त्यानंतर माझे हात कित्येक तास मुठीसारखेच राहिले होते.

सुनंदा वाचली. मण्यारीचं एक बरं असतं. शरीराला मशीनवर श्वास देत राहिलं, तर विषाचा जोर आपोआप ओसरतो आणि माणूस जसाच्या तसा परत येतो. तीही आली. तोवर गावकऱ्यांनी तिच्या घराची ती भिंत खणली. वाळवीच्या पोकळीत मण्यार निघाली. भरतने मला फोटो पाठवला. काळी कुळकुळीत, पांढरे पट्टे. खाली लिहिलं होतं, "हा कोनता सर?" टोमणा होता की प्रश्न, मला कळलं नाही. मी नाव लिहून पाठवलं.

त्याने तक्रार केली, ती डॉक्टरांवर. सकाळी आणलेली पेशंट घरी का पाठवली? त्याचं चुकलं नाही. वरून दोन अधिकारी आले. डॉक्टर मृणाल त्यांना म्हणाल्या, "सरांचं मत मी विचारलं होतं. निर्णय माझा होता." मग अधिकाऱ्यांनी मला विचारलं. डॉक्टर शेजारच्याच खुर्चीवर होत्या.

मी म्हणालो, "मी फक्त प्राणी ओळखला. पेशंटबद्दल ठरवणं माझं काम नाही."

यात 'फक्त' सोडला तर एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते मला इतकं सहज बोलता आलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. त्यांना शेरा मिळाला, लांब बदली झाली. पुढे त्यांनी नोकरी सोडली. आता त्या त्यांच्या गावाकडे दवाखाना चालवतात.

गावाने मात्र माझा सत्कार केला. मारुतीच्या देवळापुढे शाल, नारळ. सरपंच म्हणाले, सरांनी ठाण्यापावतर हातानं श्वास पुरवला. टाळ्या पडल्या. भरतनेही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर त्याने मला चहाला घरी नेलं. भिंत नव्याने सारवलेली होती. घरात आता खाट आली होती.

चहा सुनंदाने आणला. भरत पोराला हाक मारायला बाहेर गेला, तेव्हा ती कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"सर, येक बोलू?"

"बोला ना."

"गाडीत मी जागी व्हते."

मी उचललेला कप खाली ठेवला.

"डोले उगडत नव्हते. बोट हालत नव्हता. पन कान चालू व्हते. डाक्तरबाईंनी टरकवाल्याला दिलेल्या शिव्या ऐकल्या. तुमी बोल्लात तेपन ऐकला."

मण्यारीत असं होतं. स्नायू थांबतात, मेंदू जागा असतो. हेही मी वर्गात शिकवतो.

"यांना नाय सांगितला मी," ती बाहेर बघत म्हणाली. "सांगनार पन नाय. तुमी फुगा सोडला नाय, मी हाय. आपला फिटला. पन त्या बाईंचा काय? त्या मला ठेवीत व्हत्या. माझ्याम्होरं बोल्लात, त्यांच्याम्होरं पन बोला."

"बोलेन," मी म्हणालो.

"चहा घ्या. गार व्हतय."

चंचुवाळा अजून माझ्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बाटलीत आहे. अख्खा नमुना म्हणून बाहेरच्या कॉलेजांतले लोक पाहायला येतात. मध्यावरच्या दोन खुणांबद्दल कुणी विचारलं की मी "मण्यारीचे दात" असं सांगतो. कधी दिसले, ते कुणी विचारत नाही.

आरोग्य केंद्रांतून आजही फोटो येतात. मी आता नाव सांगायच्या आधी दोन प्रश्न विचारतो. पेशंटच्या पापण्या कशा आहेत? थुंकी गिळता येते का? या धंद्यात शिकलो ते एवढंच, की बरणीत आलेला प्राणी म्हणजे चावलेला प्राणी नव्हे. त्याची किंमत दोन बायकांनी मोजली.

डॉक्टर मृणाल यांचेही फोटो येतात, त्यांच्या गावाकडचे. "सर, हा कोणता?" त्यांचा माझ्यावर अजून विश्वास आहे. मी नाव लिहितो. त्या "थँक यू सर" म्हणतात. त्याच्याखाली मी कित्येकदा सगळं टाइप केलं आहे आणि पुसलं आहे.

हे छापायला देण्याआधी त्यांना सांगायचं ठरवलं होतं. तुम्ही तिला ठेवून घेत होता, मी अडवलं, तेव्हा वाळ्यावरच्या खुणा मला दिसल्या होत्या. तुमचा फोन यायच्या आधी मला कळलं होतं. चौकशीत मी हे लपवलं. इतकंच सांगायचं आहे, त्यांना आणि मग त्या अधिकाऱ्यांना. अजून सांगितलेलं नाही.